युरोपात बारा दिवस स्वतःच्या खर्चाने जेवायचे, तर किती पैसे बाजूला ठेवावेत?

प्रश्न : उदगीरकर गुरुजी

सर्व जाणकारांना नमस्कार. मी निवृत्त शिक्षक असून येत्या मे महिन्यात आम्ही उभयता युरोपला जाण्याचे ठरवत आहोत. पॅरिसला चार रात्री, स्वित्झर्लंडला तीन आणि इटलीत चार, असा एकूण बारा दिवसांचा कार्यक्रम आहे. लातूरच्या सहल संयोजकाने दोन दर दिले आहेत. एका दरात फक्त हॉटेलचा सकाळचा नाश्ता आहे, तर दुसऱ्यात दुपारचे व रात्रीचे भारतीय जेवणही धरलेले आहे. दोन्ही दरांत माणशी 42,000 रुपयांचा फरक पडतो. बावीस जेवणांना हा आकडा भागला तर एका ताटाला 1,909 रुपये होतात, आणि एवढ्या पैशांत उदगीरला आमचा महिन्याचा किराणा येतो, हे मनातून काही केल्या जात नाही.

आम्ही दोघेही शाकाहारी आहोत, अंडेही खात नाही. सौ. एकादशी धरते आणि सहलीच्या काळात एक एकादशी येते. मला मधुमेह असल्याने जेवणाची वेळ फार टळून चालत नाही. जे मित्र जाऊन आले त्यांच्यापैकी एक म्हणतो की तिकडे पाण्याची बाटलीसुद्धा चारशे रुपयांना पडते, दुसरा म्हणतो की नळाला तोंड लावून प्या. कोणाचे ऐकावे ते कळत नाही. जेवणाचा दर घ्यावा की आपले आपण पाहावे, आणि आपले आपण पाहायचे तर दिवसाला किती खर्च धरावा, हे अनुभवी मंडळींनी सांगावे, ही विनंती.

उत्तर : गोदाकाठ (नांदेड)

गुरुजी, दोन वर्षांपूर्वी आम्ही नवरा-बायको जवळपास याच वाटेने जाऊन आलो, आणि रोजच्या खर्चाची वही मी अजून जपून ठेवली आहे. हिशेबाच्या सोयीसाठी युरोला 100 रुपये आणि स्विस फ्रँकला 110 रुपये धरतो. आपण निघाल त्या दिवशीचा दर पाहून कमी-जास्त करून घ्या.

पॅरिसमध्ये मारे नावाच्या जुन्या भागात फलाफल मिळते, म्हणजे हरभऱ्याचे वडे, कोबी आणि वांग्याचे काप भरलेली जाड पोळी. ते 8 ते 10 युरोंना पडते आणि एकात पोट भरते. गार द्यू नॉर या रेल्वे स्थानकाच्या मागे श्रीलंकन तमिळ लोकांची वस्ती आहे, तिथे डोसा, इडली आणि भात मिळतो, आणि तोही पर्यटकांच्या भावाने नव्हे. इटलीत साधा मार्गेरिता पिझ्झा 7 ते 9 युरोंना बसून खाता येतो. त्यावर माणशी दोनेक युरो 'कोपेर्तो' लागतो, म्हणजे टेबल, पाव आणि चादर यांचे भाडे. ते बिलात पाहून भांडू नये, कारण ते मेनूकार्डावर खाली बारीक अक्षरांत छापलेले असते. या दोन्ही देशांत मी माणशी एका जेवणाला 11 युरो सरासरी धरतो. सोळा जेवणांचे 176 युरो, म्हणजे 17,600 रुपये झाले.

खरी गोम स्वित्झर्लंडची आहे. तिथे साध्या उपाहारगृहात बसले की एका ताटाला 25 ते 30 फ्रँक सहज जातात, आणि भारतीय उपाहारगृहात तर नुसत्या डाळीलाच तेवढे पडतात. म्हणून आम्ही सहापैकी चार जेवणे मिग्रोस आणि कोप या दुकानसाखळ्यांतून घेतली. पाव, दही, चीज, काकडी, टोमॅटो, केळी असे माणशी 11 फ्रँकमध्ये होते. संध्याकाळी दुकान बंद होण्याच्या तासभर आधी गेलात तर तयार सॅलड आणि पावांवर पंचवीस किंवा पन्नास टक्के सवलतीची चिठ्ठी चिकटवलेली दिसते. मात्र ही दुकाने लवकर बंद होतात, रविवारी तर बहुतेक बंदच असतात, अशा वेळी रेल्वे स्थानकातले दुकान तेवढे उघडे सापडते. चार जेवणांचे 44 फ्रँक आणि बसून खाल्लेल्या दोन जेवणांचे 54, मिळून 98 फ्रँक, म्हणजे 10,780 रुपये.

एकूण 28,380 रुपये. आपल्या संयोजकाच्या 42,000 रुपयांच्या तुलनेत माणशी 13,620 आणि दोघांचे मिळून 27,240 रुपये वाचतात. चहा, कॉफी, पाणी आणि स्वच्छतागृह यांचा दिवसाला चारेक युरो खर्च मी यात धरलेला नाही, कारण जेवणासहच्या सहलीतही तो आपल्याच खिशातून जातो.

आता एक चूकही कबूल करतो. व्हेनिसच्या सान मार्को चौकात संध्याकाळी व्हायोलिन वाजत होते, खुर्च्या मांडलेल्या होत्या, आणि बायकोचे पाय दुखत होते. आम्ही बसलो, दोन कॉफ्या मागवल्या. बिल 26 युरोंचे आले. कॉफीचे सात-सात, आणि उरलेले बारा युरो संगीताचे, माणशी सहा. मी वेटरला विचारले तेव्हा त्याने काही न बोलता मेनूकार्डाचे पहिलेच पान उघडून बोट ठेवले. तिथे सगळे लिहिलेले होते. मीच दुसऱ्या पानापासून वाचायला सुरुवात केली होती. तीच कॉफी दोन गल्ल्या सोडून एका दुकानात उभ्याने प्यायलो असतो तर सव्वा युरोला मिळाली असती. इटलीत कॉफीचे दोन भाव असतात, काउंटरला उभे राहून एक आणि टेबलावर बसून दुसरा. पॅरिसमध्ये तर काही ठिकाणी तीन असतात: काउंटरचा, आतल्या टेबलाचा आणि बाहेर फुटपाथवरच्या खुर्चीचा. तिकडे पदार्थ महाग नाही गुरुजी, बूड टेकवणे महाग आहे.

उत्तर : कडक भाकरी (तुळजापूर)

गुरुजी, वरील हिशेब बरोबर आहे, पण त्यात घरून काय न्यावे हे आलेले नाही आणि बायकांचा सगळा विचार तिथूनच सुरू होतो, म्हणून लिहिते.

ज्वारीची मऊ भाकरी दुसऱ्या दिवशी संपते. धपाटे पाणी कमी घालून, नुसत्या तेलावर खरपूस भाजले तर तीन-चार दिवस जातात. कडक भाकरी मात्र कोरडी राहिली तर आठवडे टिकते, आणि तिला वजनही नसते. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भाजलेले चुरमुरे आणि येसराची छोटी पिशवी एवढे सोबत असले की हात अडत नाही. दह्यात मेतकूट कालवून कडक भाकरी मोडून टाकली की गुरुजींचे दुपारचे जेवण रेल्वेत बसल्याबसल्या वेळेवर होईल. दही तिकडे उत्तम मिळते, फक्त डब्यावर फळाचे चित्र नाही ना ते पाहून घ्या, नाहीतर गोड दही पदरात पडते.

पण एक सावधगिरी हवी. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत, आणि स्वित्झर्लंड संघात नसले तरी तिथेही आपल्याकडून जाणाऱ्यांना हेच लागू आहे. म्हणजे पेढे, खवा, पनीर आणि तुपाची बरणी घरीच ठेवायची. ताजी फळे आणि भाज्याही वनस्पती-आरोग्याच्या प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. अननस, केळी, नारळ, खजूर आणि ड्युरियन ही पाच फळे तेवढी सुटलेली आहेत. लिंबे, कैऱ्या आणि मुठभर कढीपत्ता प्रेमाने पिशवीत कोंबणाऱ्या शेजारणीला आधीच सांगून ठेवा. आणि कधी दुबईमार्गे जाऊन तिथे मुक्काम करणार असाल तर खसखस घातलेले डिंकाचे लाडू व अनारसे नेऊ नका, कारण संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे आणि ती लाडवात असली काय नि पुडीत असली काय, अधिकाऱ्याला सारखीच.

हॉटेलच्या खोलीत पाणी तापवायची किटली असेलच असे धरून चालू नका. युरोपात बऱ्याच ठिकाणी ती नसते. त्यामुळे गरम पाणी ओतून होणाऱ्या पोह्यांवर विसंबू नये.

एकादशीचे म्हणाल तर काळजी नको. स्वित्झर्लंडमध्ये रोश्टी नावाचा पदार्थ सगळीकडे मिळतो, तो म्हणजे आपला उपवासाचा बटाट्याचा कीसच, फक्त जिरे, मिरची आणि दाण्याचे कूट नसलेला आणि थालीपीठासारखा थापून लोण्यावर भाजलेला. त्यात अनेकदा डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे घालतात, म्हणून मागवतानाच 'ओनं फ्लाइश, ओनं श्पेक' असे स्पष्ट सांगावे. एका ताटाला वीस-पंचवीस फ्रँक पडतील. किसलेल्या बटाट्याला अडीच हजार रुपये देताना हात थरथरेल, पण वर्षाकाठी चोवीस एकादशा घरी स्वस्तात होतातच की.

उत्तर : देवगिरी (छत्रपती संभाजीनगर)

मला या चर्चेचे आश्चर्य वाटते. माणूस दोन-अडीच लाख रुपये खर्चून इटलीला जातो आणि तिथे बसून तुळजापूरची कडक भाकरी खातो, तर मग ती तुळजापुरातच का खाऊ नये? आमच्या गावी पाहुणा आला आणि त्याने नान-खलिया किंवा इमरतीकडे पाठ फिरवून स्वतःचा डबा उघडला तर आपल्याला बरे वाटेल काय? पैसे वाचवायचेच असतील तर एक दिवस कमी करा, पण जिथे जाल तिथले खा.

उत्तर : लातूरचा परदेशी (सध्या श्टुटगार्ट)

देवगिरी साहेबांचा मुद्दा अर्धा मान्य आहे. पण नान-खलिया शाकाहारी पाहुण्यापुढे ठेवून चालत नाही, तसेच तिकडच्या पुष्कळ पदार्थांचे आहे. भाज्यांच्या सूपमध्येही मांसाचा अर्क असतो. पार्मेजान चीज वासराच्या जठरातील विरजणानेच करतात, तो त्याच्या व्याख्येचाच भाग आहे. ज्यांना हे चालत नाही त्यांनी पास्त्यावर ते किसून घालू देऊ नये. इटलीत 'पिझ्झा मारिनारा' या नावाला घाबरू नका. नावात समुद्र असला तरी त्यात मासळी नसते आणि चीजही नसते. टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल एवढेच असते, आणि मेनूकार्डावर बहुधा तोच सर्वांत स्वस्त असतो.

मी मुख्यतः पाण्याबद्दल लिहिण्यासाठी आलो आहे, कारण मी लातूरचा आहे. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींनी आमच्या शहराला पाणी आले, तेव्हा घागरी घेऊन रांगेत उभे राहिलेल्यांपैकी मी एक. त्यामुळे इथे आल्यावर पहिल्या आठवड्यात उपाहारगृहात पाण्याच्या पाऊण लिटरच्या बाटलीला सहा युरो दिले तेव्हा माझ्या पोटात जे कालवले ते मी विसरलेलो नाही. आणि वर ते पाणी सोड्याचे निघाले.

गुरुजी, आपले दोन्ही मित्र खरे बोलतात. उपाहारगृहातील बाटली महाग असते, नळाचे पाणी पिण्यायोग्य असते. फ्रान्समध्ये जेवण मागवले की नळाच्या पाण्याची सुरई फुकट मिळण्याचा आपल्याला हक्क आहे. फक्त 'पाणी' न म्हणता 'यून काराफ दो' म्हणायचे. नुसते 'वॉटर' म्हटले की बाटली येते. इटलीत बहुतेक ठिकाणी बाटलीच ठेवतात, एका लिटरला दोन ते चार युरो पडतात, आणि 'नातुराले' म्हणजे साधे व 'फ्रित्सान्ते' म्हणजे बुडबुड्यांचे, एवढे दोन शब्द पाठ करावेत. स्वित्झर्लंडमध्ये नळाच्या पाण्याचेही पैसे लावणारी उपाहारगृहे आहेत, तेव्हा आधी विचारावे.

पण रस्त्यावर मात्र तहान फुकट भागते. झुरिकमध्ये बाराशेहून अधिक कारंजी आहेत आणि त्यांचे पाणी पिता येते. रोममध्ये सुमारे 2,500 'नासोने' आहेत, म्हणजे लोखंडी खांबाला हत्तीच्या सोंडेसारखी वाकलेली तोटी, जिच्यातून पाणी अखंड वाहत असते. तोटीच्या तोंडावर बोट दाबले की वरच्या बाजूच्या बारीक भोकातून पाण्याची धार उसळते आणि वाकून सरळ तोंडात घेता येते. मी पहिल्यांदा ते केले तेव्हा चष्म्यासकट भिजलो, पण अर्धा तास तिथून हललो नाही. वाहणारा नळ बंद करायला आपोआप हात पुढे जात होता. विमानतळावर सुरक्षा तपासणीतून रिकामी बाटली नेता येते, पुढे ती भरून घ्यावी. जिथे 'काइन ट्रिंकवासर', 'ओ नॉन पोताब्ल' किंवा 'आक्वा नॉन पोताबिले' अशी पाटी असेल ते पाणी मात्र पिऊ नये.

जर्मनीची एक गंमत जाता जाता सांगतो. इथे पाण्यापेक्षा बियर स्वस्त, असे लोक म्हणतात ते अगदीच खोटे नाही. म्हणूनच इथल्या उपाहारगृहांच्या कायद्यात तरतूद आहे की किमान एक मद्यविरहित पेय सर्वांत स्वस्त मद्यापेक्षा महाग असता कामा नये. दुकानातून पाण्याची प्लास्टिक बाटली घेतली तर तिच्यावर पंचवीस सेंट अनामत लागते, रिकामी बाटली यंत्रात टाकली की ती परत मिळते. कचऱ्यात टाकली तर पंचवीस रुपये गेले असे समजा.

पुन्हा : उदगीरकर गुरुजी

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिले, त्याबद्दल आभारी आहे. दोन शंका राहतात. बक्षिशी किती द्यावी? आणि पैसे रोख न्यावेत की कार्ड वापरावे? गोदाकाठ साहेबांनी स्वच्छतागृहाच्या खर्चाचा उल्लेख केला आहे, तोही थोडा उलगडून सांगावा. मधुमेह्याला हा प्रश्न गौण नसतो.

उत्तर : गोदाकाठ (नांदेड)

गुरुजी, फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये सेवेचे पैसे किमतीतच धरलेले असतात. सेवा आवडली तर बिल वरच्या युरोपर्यंत पूर्ण करावे, त्याहून अधिक देणे बंधनकारक नाही. अमेरिकेची गोष्ट वेगळी आहे. तिथे पंधरा ते वीस टक्के द्यावेच लागतात आणि मेनूवरच्या किमतीत विक्रीकरही धरलेला नसतो, त्यामुळे तिकडून आलेल्या नातेवाइकांचे सल्ले युरोपला लावू नयेत.

पैशांबाबत एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कार्ड यंत्रात घातले की काही ठिकाणी पडद्यावर प्रश्न येतो, बिल रुपयांत घ्यायचे की युरोत. रुपये पाहून जिवाला बरे वाटते आणि आपण तेच बटण दाबतो. दाबू नका. रुपयांचा तो दर दुकानाच्या यंत्राचा असतो आणि बहुधा आपल्याला महागच पडतो. नेहमी युरो किंवा फ्रँक निवडा. आपल्याकडच्या अनेक क्रेडिट कार्डांवर परकीय चलनाच्या व्यवहाराला साडेतीन टक्क्यांपर्यंत आकार असतो आणि त्या आकारावर पुन्हा जीएसटी. त्यापेक्षा बँकेतून आधीच युरो भरलेले फॉरेक्स कार्ड बरे पडते. दोनशे युरो रोख, नोटा लहान, एवढे सोबत असावे.

स्वच्छतागृहाला रेल्वे स्थानकांवर एक ते दोन युरो किंवा फ्रँक लागतात, आणि दिवसातून तीनदा दोघे गेलो की तो आकडा जेवणाच्या जवळ जातो. आमची युक्ती अशी होती की इटलीत जायची वेळ आली की एक कॉफी उभ्याने प्यायची. सव्वा युरोत कॉफीही होते आणि ग्राहक म्हणून आतले स्वच्छतागृहही वापरता येते. फक्त कॉफीने पुन्हा जावे लागते, हा त्या युक्तीतला दोष आहे.

उत्तर : कडक भाकरी (तुळजापूर)

देवगिरी भाऊ, डबा उघडणे म्हणजे पाहुणचाराचा अपमान नव्हे. आमच्या अहोंनी दुपारी डब्यातले खाऊन वाचवलेल्या पैशांतून रात्री फ्लॉरेन्सला आम्ही ताज्या पास्त्यावर काळी ट्रफल बुरशी किसून घेतली होती. चव मला पावसाळ्यातल्या ओल्या मातीसारखी लागली, अहोंना गॅसगळतीसारखी. पण खाल्ली.

समारोपाआधी : उदगीरकर गुरुजी

काल संयोजकांशी फोनवर बोललो. सगळी बावीस जेवणे नको, फक्त स्वित्झर्लंडमधील तीन रात्रींची भारतीय जेवणे द्या, असे म्हटले. आधी 'तशी पद्धत नाही' असे उत्तर आले, मग तासाभराने त्यांचाच फोन आला आणि ताटाला 2,200 रुपयांप्रमाणे माणशी 6,600 रुपये ठरले. गोदाकाठ साहेबांच्या वहीनुसार तिथे बसून खाल्ले असते तरी एका ताटाला 2,970 रुपये लागलेच असते. स्वित्झर्लंडची दुपार दही-मेतकुटावर आणि पॅरिस-इटली आमचे आम्ही, असे योजले आहे. उरलेल्या एकोणीस जेवणांसाठी माणशी 25,000 रुपये कार्डावर वेगळे भरणार आहे, म्हणजे एखाद्या दिवशी देवगिरी साहेबांचेही ऐकता येईल.

व्हेनिसच्या चौकात बसायचे की नाही यावर घरात एकमत झालेले नाही. सौ.चे म्हणणे असे की सहा युरो देऊन व्हायोलिन ऐकू, कॉफी नको. तसे चालते काय, हे कोणास ठाऊक असल्यास कळवावे.

दरम्यान तिने चार कडक भाकऱ्या करून पितळी डब्यात ठेवल्या आहेत आणि त्यावर '6 मार्च' अशी चिठ्ठी चिकटवली आहे. पंधरा दिवसांनी डबा उघडून पाहणार आहोत.